बंडाचं दिग्दर्शन

२ जुलै १९८८, शनिवार

आजपासून रोजनिशी. थोडक्यात लिहायचं. भावना नकोत, घडलं तेवढंच.

इंग्लंडची पहिली कैदी जहाजं ऑस्ट्रेलियाला लागून दोनशे वर्षं झाली, म्हणून गॅनेट बेच्या हॉल कमिटीने नाटक करायचं ठरवलं आहे. लेखन आणि दिग्दर्शन माझ्याकडे. दुसऱ्या कुणीच हात वर केला नाही. म्हणजे शाळेतून निवृत्त झाले तरी गावाचा माझ्यावर विश्वास आहे.

विषय: बायकांच्या तुरुंगातलं बंड. चोऱ्यामाऱ्या केल्या म्हणून इंग्लंडने इथे टास्मानियात आणून टाकलेल्या कैदी बायका मेट्रनविरुद्ध, म्हणजे तुरुंगाच्या देखरेखीवरच्या बाईविरुद्ध, उठतात. पुढारी हॅना क्विल. ती माझी मुलगी रोवेना करेल. तिला अजून सांगितलेलं नाही.

क्लॅरी गेला तेव्हा सफरचंदं उतरत होती, आता हिवाळा आहे. नवरा गेल्यावर बायका कोसळतात म्हणे. मी कोसळले नाही. शेजाऱ्यांनी जेवण घालून आणलेली सगळी भांडी त्याच आठवड्यात घासून परत केली.

५ जुलै

रोवेनाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी तीन आठवड्यांसाठी आले होते. बाबांसाठी. तिकडे डार्विनला हॉस्पिटल माझी नोकरी किती दिवस धरून ठेवणार?" मी म्हटलं, नाटक सप्टेंबरात आहे. ती म्हणाली, "नाटक करते. पण ते झालं की मी जाणार. ऐकते आहेस ना?"

थकली की ती असं बोलते. उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं नाही की पुष्कळ गोष्टी आपोआप मिटतात.

संकल्प: सप्टेंबरपर्यंत तिला इथली गोडी लागेल अशी व्यवस्था करणे.

१० जुलै, रविवार

पात्रनिवड. अडचण.

गावातली प्रत्येक बाई कैदी व्हायला आली. मी लहान असताना कुणाच्या घराण्यात कैदी होता असं नुसतं सुचवलं तरी लोक अंगावर येत. डल्सी फेबी माझ्या वर्गात होती तेव्हा "आमची खापरपणजी चोर होती" असं मोठ्याने बोलली म्हणून मी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. योग्यच केलं. आता तिचं धक्क्यावर माशांचं दुकान आहे, आणि तीच आज कंबरेवर हात ठेवून सांगत होती, "आमचीने चांदीचे चमचे मारले, चांगले डझनभर."

"चमचे काय गं, आमचीने मेंढी नेली."

"अख्खी?"

"मग काय, तंगडी तेवढी?"

चौदा बंडखोर जमल्या. मेट्रन एकही नाही. बंड करायचं कुणाविरुद्ध?

या गावात आपखुशीने, स्वतःचं तिकीट काढून आलेलं घराणं एकच. डच बेकर होकस्ट्रा, तेही महायुद्धानंतर. त्याच्या बायकोला, टीनीला, मेट्रन केलं. बाकीच्या तिच्याकडे सहानुभूतीने पाहत होत्या.

१९ जुलै

पहिली तालीम. टीनी भली बाई आहे, हाच तिचा दोष. मेट्रनचं वाक्य आहे, "केस कापा हिचे!" ती म्हणते, "केस कापता का जरा हिचे, प्लीज?"

मी एकदाच करून दाखवलं. एकीने विणकाम पिशवीत टाकलं. हॉलचा केअरटेकर बाहेर सिगारेट ओढत होता, तो आत येऊन झाडायला लागला. डल्सी म्हणाली, "बाई, पोटात गोळा आला हो. पाचवीतलाच, ओळखीचा."

इतकी उत्स्फूर्त दाद मला आजवर मिळाली नव्हती.

२७ जुलै

संहितेवर चर्चा. मी चर्चेला वेळ ठेवला नव्हता.

एक दंतकथा आहे. गव्हर्नर आणि पाद्री तुरुंग पाहायला आले, पाद्र्याचं प्रवचन लांबलं, तेव्हा सगळ्या कैदी बायकांनी एकदम पाठ फिरवली, घागरे वर केले आणि आपापले पार्श्वभाग थोपटले. बायकांना हा प्रवेश हवा आहे. मी म्हटलं, याला पुरावा नाही. डल्सी म्हणाली, "पुरावा माझ्या मागेच आहे की, बाई." पाच मिनिटं हशा. प्रवेश नाकारला.

नंतर रोवेनाचा प्रश्न. "शेवटी हॅना गुडघे टेकून माफी का मागते?" मी सांगितलं, शिस्त परत यावी लागते, मग मेट्रन तिला माफ करून सोडते, आणि पडदा पडतो. डल्सी मध्येच म्हणाली, "आमच्या पणज्या माफी मागणाऱ्यातल्या असत्या तर आपण आज इथे असतो का?"

शेवट बदलणार नाही.

९ ऑगस्ट

टीनीचा घसा बसला. डॉक्टरने म्हणे सप्टेंबर संपेपर्यंत बोलू नका असं सांगितलं. रविवारी चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागत होता. विचित्र आजार.

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "बाई, तुम्हीच करा मेट्रन." आग्रह मोडवेना. गैरसमज नको म्हणून इथे लिहून ठेवते: मनाने मी कैद्यांच्याच बाजूची आहे. हे सगळ्यांना माहीत आहे.

तालमीचे नवे नियम. उशिरा येणारीने मागे उभं राहायचं. विणकाम बंद. चहा दुसरा अंक पाठ म्हणून झाल्यावर. चहाचं कपाट मी कुलूप लावून ठेवते.

१६ ऑगस्ट

शिस्तीचा चांगला परिणाम. कुणी वाद घालत नाही. मी हॉलमध्ये शिरले की बोलणंच थांबतं. सगळ्या घरून थर्मास आणतात आणि माझी पाठ वळली की पितात. स्वावलंबन वाढलं आहे.

पोरांच्या फुटबॉलचं कारण सांगून तिघी आल्या नाहीत. डल्सी म्हणाली, "पळून गेल्या, बाई. बंदुका घेऊन कुणाला मागे पाठवू का?" विनोद म्हणून ठीक.

२१ ऑगस्ट, रविवार

रोवेना फोन करायला धक्क्यावरच्या बूथपर्यंत जाते. घरात फोन असताना, दक्षिणेचा वारा अंगावर घेत, क्लॅरीचा रेनकोट घालून. माझं बिल वाचवते. लहानपणापासून समजूतदार.

आज तिला आनंदाची बातमी दिली. पुढच्या गावच्या वृद्धाश्रमात नर्सची जागा आहे. मी जाऊन बोलून आले, ते तिला घ्यायला तयार आहेत. ती म्हणाली, "मला न विचारता?" मी म्हटलं, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. ती हसली. मग बराच वेळ हसत राहिली. मग रेनकोट घालून बाहेर गेली.

बातमी पचायला वेळ लागतो.

४ सप्टेंबर, रविवार

आज आमच्याकडचा फादर्स डे. थडग्यावर वॅटलची पिवळी फुलं ठेवून आलो. रोवेना रडली. मी थडग्याची कड साफ केली, तिथे शेवाळ फार आहे.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "तिकीट काढलंय. नाटकानंतर सोमवारी. सकाळच्या बसने होबार्ट, तिथून विमान."

मी म्हटलं, पुढच्या वर्षीच्या नाटकात तुला याहून मोठी भूमिका देईन.

"आई, बाबा गेल्यापासून तू एकदा तरी—"

मी म्हटलं, तुझा पहिला अंक अजून कच्चा आहे. तिने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि पहिला अंक अख्खा म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही. मग गाडी सुरू केली.

आता तिकीट. तिकिटं रद्द होतात. नाटक गाजलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, की तिचं तिलाच कळेल. तेव्हा सगळं नाटकावर आहे.

१४ सप्टेंबर

रंगीत तालीम. मी मेट्रनच्या काळ्या पोशाखात आले तर केअरटेकर म्हणाला, "बाई, कपडे नाही बदललेत?"

बाकी उत्तम. बायकांचा उत्साह एकाएकी वाढला आहे. कोपऱ्यात कुजबुज, हसू, मी गेले की गंभीर चेहरे. रोवेनासुद्धा त्यांच्यात होती. मला कुणी काही सांगितलं नाही. बहुतेक माझ्यासाठी पुष्पगुच्छाची तयारी.

१७ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी

प्रयोग झाला. दुपारचाच ठेवला होता, कारण अंधारात रस्त्यावर वॉलबी, ती छोटी कांगारू, येतात आणि म्हातारी माणसं गाडी काढत नाहीत. हॉल भरला होता.

पहिला अंक चांगला. दुसऱ्या अंकात मेट्रनचं कैद्यांना उद्देशून भाषण आहे. मी अर्ध्यावर आले असेन. डल्सी म्हणाली, "बायांनो, चला!" चौदाही जणींनी पाठ फिरवली. घागरे वर गेले. आत क्रिकेटच्या पांढऱ्या पँटी होत्या, एवढं सभ्यपण राखलं होतं. मग थोपटण्याचा आवाज. चांगला तालात, म्हणजे तालमी केलेल्या.

लोक बाकांवर उभे राहिले. पहिल्या रांगेत पाद्रीसाहेब चष्मा पुसत होते, तो काही स्वच्छ होईना. शिट्ट्या, टाळ्या. चौदांत रोवेनाही होती. वळून माझ्याकडे पाहताना ती खुशीत होती. तिला असं हसताना पाहून किती वर्षं झाली, आठवत नाही.

मला काही वाटलं नाही. भाषण पूर्ण केलं.

शेवटचा प्रवेश. मला वाटलं, आता ती गुडघे टेकणार नाही, इथेही काही ठरलं असेल. पण रोवेना आली आणि लिहिल्याप्रमाणे खाली बसली. माफीची वाक्यं म्हणाली. हळू. तिने मान वर केली. मग माझं वाक्य. "ऊठ, हॅना. दार उघडं आहे. जा."

मीच लिहिलेलं.

विंगेतून टीनीने वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं, मोठ्याने, तिचा घसा ठणठणीत आहे. मला शब्द ऐकू येत होते. तोंड उघडत नव्हतं. रोवेना गुडघ्यांवर तशीच. तिने माझा हात धरला, हे नाटकात नाही. अगदी हळू म्हणाली, "म्हण ना, आई."

शेवटी मागून डल्सी म्हणाली, "ऊठ गं पोरी. सुटलीस."

पडदा.

लोकांना वाटलं शेवट तसाच आहे. खूप टाळ्या. चहाच्या वेळी दोघीतिघी मला म्हणाल्या, काय तो पॉज घेतलात, बाई. मी आभार मानले.

पुष्पगुच्छ नव्हता.

१८ सप्टेंबर

कमिटीची बैठक. सगळे खूश. पुढच्या वर्षीचं नाटक डल्सीकडे. मला चहाचं कपाट सांभाळायला सांगितलं आहे. जबाबदारीचं काम, विश्वासाचं माणूस लागतं.

रोवेनाने बॅग भरली. मी तिला सांगितलं, वृद्धाश्रमाची जागा महिनाभर रिकामी ठेवायला तयार आहेत. ती म्हणाली, "बरं, आई." वाद घातला नाही. त्यावरून मला काय ते कळायला हवं.

१९ सप्टेंबर, सोमवार

बस वेळेवर आली.

पोस्ट ऑफिसपुढे आम्ही दोघीच. बूथमधून ज्याला फोन करायची त्याचं नाव डेस. रुग्णवाहिका चालवतो. हे तिने बस दिसल्यावर सांगितलं. मी म्हटलं, चांगली नोकरी आहे.

ड्रायव्हरने बॅग चढवली. ती पायरीवर चढली, परत उतरली. म्हणाली, "तू पण चल की. तिकीट नंतर पाठवते. महिनाभर राहा. तिकडे ऊन आहे."

मी म्हटलं, कसं जमणार, तालमी आहेत.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी कॉलर नीट केली आणि आत गेली.

बस वळणापलीकडे गेल्यावर घरी आले.

तालमी नाहीत.