केंद्रप्रमुखांच्या लिंगनोंदीवर हरकत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
परीक्षा छपाई केंद्र
(आपण आपल्या दालनातच आहात याची खात्री करून)

विषय : आपण पुरुष असल्याबाबतच्या सेवापुस्तकातील नोंदीवर हरकत, व तिचा निकाल लागेपर्यंत आपणास फाटकाबाहेर न सोडण्याबाबत.

संदर्भ : आपल्याच सहीचे झडतीविषयक परिपत्रक, जे सूचना फलकावर अजूनही डकवलेले आहे.

महोदय,

१. अर्जदार ही या केंद्राच्या फाटकावर महिला झडती कक्षात रक्षक होती व सध्या फाटकालगतच्या टपाल खिडकीवर बसते. येथे प्रश्नपत्रिका छापल्या जातात. त्यामुळे आत येताना ओळखपत्र पुरते, पण बाहेर जाताना प्रत्येकाची झडती होते, बाईची बाईने आणि पुरुषाची पुरुषाने. झडतीवाचून कोणासही बाहेर सोडू नये, हा नियम केंद्राइतकाच जुना आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. मी तो इतकी वर्षे डोळ्यांत तेल घालून पाळला आहे. माझ्याविषयी कोणत्याही महिला कर्मचाऱ्याची कधी तक्रार आली नाही. पुढे माझ्यासाठी बसलेल्या समितीने बाइंडिंग खात्यातल्या मावशींना खोदून खोदून विचारले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, "तिचे हात फार गार असतात हो, थंडीत अंगावर काटा येतो." ही तक्रार मला मान्य आहे.

२. मी पारलिंगी स्त्री आहे. जन्मल्यावर माझी नोंद मुलगा अशी झाली. नोकरीत रुजू होताना मी स्त्री असल्याचे स्वतः लिहून दिले व त्या वेळच्या नियमाने ते पुरेसे होते. आपण बदली होऊन आलात आणि आपणास ते पुरेसे वाटेनासे झाले. आपण परिपत्रक काढलेत की, जैविक लिंग म्हणजे जन्मनोंदीतले लिंग. लिंगओळख म्हणजे व्यक्ती स्वतःविषयी जे म्हणते ते. आणि केवळ स्वतःच्या म्हणण्यावरून कोणाचेही लिंग यापुढे ग्राह्य धरले जाणार नाही. कोणाही कर्मचाऱ्याच्या नोंदीवर अन्य कोणाही कर्मचाऱ्यास लेखी हरकत घेता येईल. हरकत अर्जावर आवक शिक्का बसल्यापासून समितीचा निर्णय होईपर्यंत त्या व्यक्तीची झडती महिला किंवा पुरुष, कोणत्याही कक्षात घेऊ नये. हे सगळे एकट्या माझ्यासाठी होते, हे शिपायापासून यंत्रावरच्या कारागिरापर्यंत सगळ्यांना कळले. पण माझ्यावर बोट ठेवण्याचे धाडस आपणास झाले नाही. उद्या कोणी जाब विचारला तर अंगाशी येऊ नये, म्हणून आपण नियम सगळ्यांना लागू केलात. त्या भित्रेपणाबद्दल मी आपली ऋणी आहे.

३. परिपत्रक लागले त्याच दुपारी पुरुष कक्षाचे रक्षक, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणतात, त्यांनी माझ्यावर हरकत घेतली. त्यांच्या पुतणीला मी एकदा जेवणाचा डबा उघडून दाखवायला लावला होता, तेव्हापासून ते माझ्यावर डूख धरून होते. त्याच दुपारी कार्यालयातल्या फोनवर माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आला की, आईचे काही खरे नाही, ती तुझी वाट बघतेय, असशील तशी नीघ. मी फाटकावर आले. महिला कक्षात मी स्वतः शिकवलेली मुलगी ड्यूटीवर होती. ती रडायला लागली, पण तिने हात लावला नाही, कारण आपले परिपत्रक तिच्या डोक्यावर लटकत होते. पुरुष कक्षात जायला मी तयार झाले. होय, झाले. इतकी वर्षे ज्या दारात पाय ठेवला नाही त्या दारात जाऊन मी म्हणाले, घ्या झडती, पण मला जाऊ द्या. मिशीवाल्यांनी मान हलवली. "बाई, माझ्या हातात काय आहे? नियम आहे." मला बाई म्हणत त्यांनी माझी झडती नाकारली, याची नोंद व्हावी.

४. मी आपल्या दालनात आले. आपण चहा घेत होतात. मी हात जोडून म्हणाले की, मी कोण आहे ते मी सांगते आहे, तेवढ्यावर आजच्या दिवस विश्वास ठेवा, हवे तर उद्या नोकरीवरून काढा. आपण म्हणालात, "तसं प्रत्येक जण काहीही म्हणेल हो. व्याख्या म्हणून काही चीज असते की नाही?" मग आपण मुख्यालयाला फोन लावलात. मुख्यालयाने विधी शाखेला लावला. विधी शाखेतले साहेब जेवायला गेले होते. यंत्रे बंद झाली, पाळी सुटली, सगळे माझ्या समोरून घरी गेले आणि मी बाकावर बसून राहिले. अखेर आपणास तोड सुचली. मालाची झडती लिंग पाहून होत नाही. तेव्हा मला रद्दीच्या फाटकातून, कागदाच्या गठ्ठ्यांमागोमाग, मालाच्या पासावर बाहेर काढण्यात आले. पासावर आपली सही होती आणि नग एक असे लिहिलेले होते.

५. मी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. माझ्या आईने मला लेक म्हणायला फार वर्षे घेतली. आम्ही दोघी त्यावरून पुष्कळ भांडलो, एकमेकींचे तोंड पाहीनाशा झालो, पुन्हा एका ताटात जेवलो. त्या दुपारी तिने परिचारिकेला सांगितले होते, "दार लावू नका, माझी मोठी मुलगी यायचीय." परिचारिकेने दार उघडे ठेवले होते. मला मुलगी म्हणणारी आई मी ऐकली नाही. ती परिचारिकेने ऐकली. माझ्या वाट्याचे ते ऐकणे आपण चहाच्या कपाबरोबर घालवलेत आणि ते मी आपणास या जन्मी माफ करणार नाही. अर्जात अशी भाषा वापरू नये याची मला जाणीव आहे.

६. पुढे समिती बसली. अध्यक्ष आपण, सदस्य लेखापाल, आणि वैद्यकीय सदस्य म्हणून केंद्राच्या यादीतले एकमेव डॉक्टर, जे दातांचे आहेत. त्यांनी संकोचून मला तोंड उघडायला सांगितले. दाढ किडलेली नाही असा अभिप्राय अहवालात आहे. लिंगाविषयी निर्णय राखून ठेवण्यात आला आहे. दरम्यान माझी येजा रद्दीच्या फाटकातून चालू आहे, आणि महिला कक्षातून उचलून मला टपाल खिडकीवर बसवण्यात आले आहे. केंद्राकडे येणारा प्रत्येक कागद, हरकतीचे अर्जसुद्धा, तिथे घेतला जातो आणि त्यावर आवक शिक्का मारला जातो. तो शिक्का आता माझ्या हातात असतो. मला अडगळीत टाकायला याहून वेगळी जागा आपणास सुचली नाही, हे माझे नशीब.

७. आता हरकतीची कारणे. आपण पुरुष आहात असे आपल्या सेवापुस्तकात लिहिले आहे. ते कोणी लिहिले? आपण सांगितले आणि कारकुनाने लिहिले. आपली जन्मनोंद पुरावा म्हणावी, तर जन्मनोंद म्हणजे सुईणीने ओल्या बाळाकडे एक नजर टाकून सांगितलेले आणि वडिलांनी दुसऱ्या खोलीत बसून ऐकलेले. आपण तर त्या वेळी शुद्धीवरही नव्हतात. त्यानंतर आजतागायत आपली तपासणी कोणी केली आहे? आपली गुणसूत्रे आपण पाहिली आहेत काय? मीही माझी पाहिलेली नाहीत. आपणास मिशी आहे, पण मिशी परिपत्रकात नाही. टक्कल आहे, तेही नाही. आपल्या पत्नीची साक्ष काढावी, तर परिपत्रकात नातेवाइकांचे म्हणणे ग्राह्य नाही, आणि माझ्या आईचेही ग्राह्य नव्हते. आपण पुरुष आहात असे आपणास आतून वाटत असेल, आणि लहानपणापासून वाटत असेल. तसे आपण म्हणालात तर त्याला आपल्याच परिपत्रकात लिंगओळख म्हटले आहे आणि ती धरायची नाही असे म्हटले आहे.

८. सबब मी आपल्या नोंदीवर हरकत घेत आहे. हा अर्ज मीच लिहिला, मीच खिडकीतून आत सरकवला, पलीकडे जाऊन मीच स्वीकारला आणि त्यावर मीच शिक्का मारला. शाई आपणास ओली लागेल. आता कोणत्याही कक्षात आपली झडती घेता येणार नाही, आणि झडतीवाचून आपणास बाहेर सोडता येणार नाही. फाटकावर आज मिशीवालेच आहेत. मी त्यांना या अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. ते म्हणाले, "साहेबांना काय सांगू आता?" मी म्हटले, मला सांगितलेत तेच सांगा. समितीचे म्हणाल, तर स्वतःच्या प्रकरणात आपणास अध्यक्ष होता येणार नाही, लेखापाल सेवानिवृत्त झाले, आणि दातांचे डॉक्टर दवाखाना हलवून दुसऱ्या गावी गेले. मुख्यालय नवी समिती नेमेल. विधी शाखेतले साहेब जेवून आले असतील तर लवकर नेमेल.

९. आपला खोळंबा व्हावा हाच या अर्जाचा हेतू आहे. मी तो लपवत नाही. आपल्या चालकाला गाडी बंद करून बसायला मी सांगितले आहे. तरीही आपणास दोन मार्ग मोकळे आहेत.

(अ) रद्दीच्या फाटकातून मालाच्या पासावर जावे. पास मी भरून तयार ठेवला आहे, नग एक. खाली आपलीच सही लागेल. गठ्ठे मागे लागत नाहीत, तेव्हा घाई करावी लागणार नाही.

(आ) परिपत्रक रद्द करावे. त्यानंतर आपण फाटकावर येऊन, मी पुरुष आहे, एवढे तोंडाने सांगावे. मला ते पुरेल. मी एक शब्दही उलट विचारणार नाही, आपल्याकडे निरखून पाहणार नाही, आपणास ताबडतोब पुरुष कक्षात पाठवीन आणि आपण आपल्या माणसांकडे जाल. त्या दुपारी मी आपल्याकडे याहून जास्त काही मागितले नव्हते.

१०. (आ) स्वीकारल्यास माझा सूड पुरा होणार नाही, पण फाटक उघडेल, आणि महिला कक्षातली माझी जागा मला परत मिळावी. (अ) स्वीकारल्यास मी फाटकाशी उभी राहून आपणास जाताना पाहीन. नाकारल्यास बाक रिकामा आहे. मी पाळी संपली तरी जाणार नाही, मला आता घरी कोणी वाट पाहणारे नाही.

परिपत्रकापुरती आपली आज्ञाधारक,
(सही)
रक्षक, महिला झडती कक्ष
(हे पद आपण काढून घेतले असले तरी मी तेच लिहीन)
दिनांक : शिक्क्यात आहे तो

सोबत :
१. आपल्या परिपत्रकाची प्रत
२. मिशीवाल्यांच्या हरकतीची प्रत
३. मालाचा पास, सहीच्या कोऱ्या जागी खूण करून
४. आईच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. तो आपल्या हातात द्यावा असे मला वाटले नाही.