पुढच्या पाव तासाचा अंदाज

प्रिय ताई,

राधाकिशनमामा उद्या ट्रक घेऊन तुमच्या कारखान्याकडे निघालेत, म्हणून घाईत लिहिते. उसाच्या फडात हे हाती पडलं की दाजींना लगेच हाक मारू नकोस, आधी एकटी वाच. फोनवर हे बोलता येत नाही, तेव्हा अण्णा शेजारीच बसलेले असतात.

तू मागे विचारलं होतंस, घाटनांदूरच्या माळावरच्या सौर प्रकल्पात मी दिवसभर करते तरी काय. ढग बघते, बाई. पगार घेऊन ढग बघणारी आपल्या भावकीत मी पहिलीच. उपग्रहाचं चित्र पाहून पुढच्या प्रत्येक पाव तासात किती वीज निघेल ते वरच्या केंद्राला आधीच कळवायचं. आमची कमी पडणार असेल तर त्यांना दुसरीकडून सोय करता येते. परवा डोंगराकडून ढग येताना दिसत होता. सरकेल बाजूला, म्हणून मी आकडा कमी केलाच नाही. तो नेमका आमच्यावर येऊन थांबला, केंद्रात ऐनवेळी धावपळ उडाली. साहेबांनी सुनावलं, आशा घरी ठेवून येत जा. मला एकदम रडूच आलं. साहेब बिचारे घाबरले.

घरीही माझं तेच चाललंय गं. अण्णा आधी चष्मा विसरायचे, मग जेवल्याचं विसरू लागले. आता कधीच विकलेल्या बैलांना गोठ्यात जाऊन हाका मारतात. मध्येच सगळं लख्ख आठवतं, तू कोयता धरून मला कॉलेजात घातलंस तेही सांगतात, आणि मला वाटतं, निवळलं. डॉक्टर म्हणाले, असं निवळणं आता कमी कमी होत जाईल.

दर रविवारी तुझा फोन येतो आणि अण्णा म्हणतात, ‘वर्षा, कशी हायस गं माय?’ तेवढ्यावर तू आठवडा काढतेस, मला ठाऊक आहे. ताई, ते नाव मी सांगते, फोन देण्याआधी त्यांच्या कानाशी. या रविवारी त्यांनी मलाच हळूच विचारलं, ‘कोन हाय ही वर्षा?’ तुझा लग्नातला फोटो दाखवला की मात्र अजून हसतात, ‘ही आमची थोरली’ म्हणतात. चेहरा तेवढा राहिलाय. किती दिवस राहील, याचा अंदाज मला देता येत नाही. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत थांबू नकोस. मुकादमाला काय सांगायचं ते दाजी बघतील. तू ये, त्यांच्यासमोर उभी राहा. मी नाव सांगणार नाही.

तुझीच धाकटी,
बबिता