निळा कोटा, काळी कड

२१ एप्रिल

अमित भैयाशी पुन्हा वाजलं! दगडाच्या वखारीचे मालक ते, मी नोकर — मान्य. पण गिऱ्हाईक विचारतंय, "पोहायच्या तलावाभोवती कुठला दगड लावू?" आणि हे मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतात, "जो पसंद आए, मैडम।" साडी आहे का ती? ओल्या पायांनी लहान पोरी पळणार त्याच्यावरून! मी मध्ये तोंड घातलं. सांगितलं, गुळगुळीत घेऊ नका, काळा घेऊ नका, लिंबाचं पाणी सांडेल तिथं तर घोटीव घेऊच नका. ती ऐकत राहिली. मग "विचार करते" म्हणून निघाली.

ती वळल्याबरोबर भैया सुरू — "माल दिखा, ज्ञान मत बाँट। ज्ञान बाँटना था तो कॉलेज काहे छोड़ा?"

हातातली लादी आपटली. थेट अंगठ्यावर. "आई गं!" निघालंच तोंडातून. ती अजून गेटपाशी हेल्मेट घालत होती. वळली.

"अय्या, तुम्ही मराठी?"

अंगठा काळानिळा झालाय. दुखत नाहीये.

२२ एप्रिल

मयुरा. फोन नंबराशेजारी स्वतःच नाव लिहून गेली होती. झाशीबाहेर चिरगाँवच्या रस्त्याला त्यांचं घर, मागे जागा. तिथं मुलींना पोहायला शिकवणार. खड्डा, भिंती, आतल्या टाइल्स झाल्यात. भोवतालचा दगड राहिलाय. ग्वाल्हेरला शिकवायची ती. चांगली नोकरी सोडून घरी आली. का, ते बोलली नाही.

ही वही कॉलेजची. पुढं प्रवाही यांत्रिकी, मागं कोरी. आता मराठीत लिहिणार. सवय नको व्हायला? आमच्या घरी मराठी बोलतात म्हणजे बाबा मराठीत रागावतात आणि मी हिंदीत उत्तर देतो.

२५ एप्रिल

नमुने घेऊन त्यांच्या घरी गेलो. तिचे वडील अनंतराव, बँकेतून निवृत्त. अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र धरून बसलेले. मी फाटक उघडलं तर म्हणतात, "कोण, रामकृष्ण?" रामकृष्ण म्हणजे त्यांचा मिस्त्री! पन्नाशीचा, टक्कल पडलेला! माझ्या केसांकडे बघा तरी!

तिची आई सुहासिनीकाकू. चहा दिला, आपले म्हणून थालीपीठही दिलं. मग जे बोलल्या ते लिहायलाही जिवावर येतंय — "ही मयुरा. ताईच म्हण हो हिला, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठीच असेल."

मी खाली बघून लाद्या मांडल्या. काकांनी प्रत्येक लादीवरून बोटं फिरवली. एकीवर थांबले. "हा शहाबादीच की!" मी म्हटलं, काका, कोटा आहे. "एकाच घरचे रे ते. दोन्ही चुनखडीचे." माणूस जाणकार! पण मग निळ्या लादीकडे मान करून म्हणाले, "हा पिवळा बरा दिसतो." मी निळा म्हटलं तर हसले. थट्टा करतात. बँकवाले सगळे असेच — समोरच्याला जोखून बघायचं.

मयुरा त्यांना बातम्या मोठ्यानं वाचून दाखवत होती. चष्मा आहे, पेपर हातात आहे, तरी लाड! आवाज मात्र असा, की मी झाशीच्या पाणीकपातीची बातमीसुद्धा पूर्ण ऐकली.

२६ एप्रिल

मयुराजी. झाशीत सगळ्यांना जी म्हणतात. ताई? मेलो तरी नाही!

३० एप्रिल

काकूंना स्वयंपाकघरात आणि देवघरात आरशासारखा घोटलेला कोटा हवा. विचारलं, देवांची भांडी कुठं घासता? "इथंच, देवघरात बसून. चिंचेनं." संपलं! चुनखडीचं आणि आंबटाचं हाडवैर. त्या मानेनात. म्हणून घोटीव तुकड्यावर चिंचेचा गोळा ठेवला आणि काल तसाच सोडून आलो. आज पुसला — चकाकीच्या मध्ये पांढुरका, आंधळा डाग. घासून जात नाही.

काकू हादरल्या. "मग देव घासायचे कुठं?"

"मोरीत," मी म्हटलं.

"मोरीत? देव?"

मयुरा इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. शेवटी ठरलं — नळाशी ग्रॅनाइटचा तुकडा बसवायचा, समया-निरांजनं तिथं. घरात कोटा, पण घोटीव नाही, मऊसर. डाग पडला तरी डोळ्यात येणार नाही असा. काकू म्हणाल्या, "पोरगा हुशार आहे हो. शिक्षण का सोडलंस रे?"

सांगितलं, सरांनी सगळ्यांसमोर बाबांचा उद्धार केला, मी त्यांच्या टेबलावरची काच फोडली. माफी मागायला सांगितलं, मागितली नाही.

काका म्हणाले, "काच कशी होती? जाड?"

मयुरा पुन्हा हसली. आज दोनदा.

४ मे

फाटकापासून तलावापर्यंत वाट — जाड लादी, खडबडीत, सांधे मोकळे. तिथं स्कूटर येणार. चटकन ठरलं.

मग अडलं. तलावाला लागून, अगदी पाण्याच्या कडेला, तिला काळा कडप्पा हवाय. चारी बाजूंनी पट्टी. मी म्हटलं, तो ओट्याचा दगड, मे महिन्यात तवा होतो. "कडेलाच फक्त." कशासाठी पण? "मला काळाच हवा. कारण विचारू नकोस."

कुठंतरी फोटो पाहिला असणार! पांढऱ्या तलावाला काळी चौकट. ती तसली वाटत नव्हती.

५ मे

अमित भैया — "काला माँगती है तो काला दे! तेरी शादी में लगना है क्या?"

ऐकून घेतलं. (शादीचं ऐकून काहीतरी झालं. लिहीत नाही.)

९ मे

जिंकलो!

दुपारी त्यांच्या अंगणात तीन लाद्या उन्हात मांडल्या. निळा खडबडीत कोटा, जैसलमेरचा पिवळा, घोटीव काळा कडप्पा. झाशीचं ऊन, मी काय सांगायचं! अडीचला चपला काढल्या. पिवळ्यावर उभा राहिलो — चालतंय. निळ्यावर — चटका, पण सोसेल. काळ्यावर उभा राहिलो आणि उतरलोच नाही. तिला दिसू दे! तळवे भाजत होते. रामकृष्ण सावलीतून म्हणाला, "भैया, पथरा से ज्यादा तो तुम गरम हो। उतर आओ।"

मयुरानं बादली उचलली आणि माझ्या पायांवर ओतली. लादीवर, पँटवर, सगळीकडे. "कडेला पाणी असतंच. आता भाजतंय?"

नव्हतं भाजत. पण मी म्हटलं, आता घसरेल! आणि पाय सरकवून दाखवला.

"मग खडबडीत करून दे."

"करता येतो. टाकीचे घाव घालून. पण कशाला? एवढा निळा असताना ही काळी चौकट कशाला?"

"पाणी कुठून सुरू होतं ते कळायला हवं, हृषीकेश."

"पाणी आहे ते! भलं मोठं! आंधळ्यालासुद्धा कळेल!"

काकू पापड वाळत घालत होत्या, त्यांचा हात तिथंच थांबला. मलाच वाटलं, आवाज चढला. तेवढ्यात काका खुर्चीतून हसले, मोठ्यानं.

"बरोबर बोलला पोरगा. काळा नको. मुलींचे पाय भाजतील. सगळीकडे निळा."

"बाबा—"

"मयुरा. सांगितलं ना? निळा."

ती आत गेली. डोळे भरले होते. दगडाच्या निवडीत हरलं म्हणून कुणी रडतं का? मला वाईट वाटलं, पण बरोबर ते बरोबर. तलावावर एक दिवस पोरी अनवाणी पळतील आणि एकही घसरणार नाही, तेव्हा तिला पटेल.

काकांनी माझी बाजू घेतली! काकांनी!

१० मे

तळव्यांना फोड. टाचांवर चालतोय.

२३ मे

कोट्याहून ट्रक आला. स्वतः एकेक लादी बघून घेतली. थर सुटलेल्या बाजूला, रंगानं वेगळ्या दिसणाऱ्या बाजूला. भैया ओरडत होते, ओरडू देत. उत्तम, एकरंगी निळा माल तिच्या तलावाला.

बाबा रात्री जेवताना बोलले. खूप दिवसांनी. "दगडच उचलायचे होते तर मीच तुला रेल्वेत लावला असता."

उठलो नाही ताटावरून. म्हटलं, "उचलत नाही. निवडतो."

बाबांनी मान वर केली. मग आईला म्हणाले, "त्याला आमटी वाढ."

२ जून

ती कामापुरतं बोलते. "सांधे भरले?" "उतार बघितलास?" पूर्वी थालीपीठ स्वतः आणायची, आता काकू आणतात.

आज कळलं, ती रोज सकाळी काकांना हात धरून तलावाभोवती फिरवते. आता हा कोपरा, आता वळा, असं बोलत. वडिलांना बांधकाम दाखवतेय. किती लाड! रामकृष्णला म्हटलं तर तो थापी मारत राहिला.

६ जून

शेवटची लादी मी बसवली. रामकृष्णनं थापी दिली — "लो, तुम्हीं लगाओ, दूल्हे राजा।" मारणार होतो त्याला! ती शेजारीच उभी होती. पण ऐकलं नसावं.

साबणाचं पाणी ओतून चारी बाजूंनी पळत फेरी मारली. अनवाणी. पाय कुठंच सरकला नाही. तिनं पाहिलं. "छान झालंय," म्हणाली. मनापासून म्हणाली, मला कळतं. फक्त थकलेली दिसते.

१२ जून

पाणी सोडलंय. टँकर येत होते, आज काठोकाठ भरला. संध्याकाळी एकटा बसलो होतो कडेला. काय दिसतं! ओला झाला की कोटा गडद होतो, आणि पाण्यात टाइलचा निळा — दोन्हींचा रंग एकच! दगड कुठं संपला, पाणी कुठं सुरू झालं, कळतच नाही. जमीनच पुढं पाणी झाल्यासारखी. मी बसल्या जागेवरून हात लांब केला, तो ओला झाला तेव्हाच कळलं.

परवा सगळ्यांना दाखवायचं, काकू सत्यनारायण घालतायत. मी तिच्याशी बोलणार. कडेवर उभा राहून. एवढंच म्हणायचं की ही जागा मी तुझ्यासाठी निवडली. पुढचं सुचेल.

१४ जून

काका पाण्यात चालत गेले.

पूजा व्हायची होती. मयुरा आत प्रसाद करत होती, काकांना वाटलं, एकट्यानं फेरी मारता येईल. वर्तमानपत्र काखेत, चपला पायात. घाई नाही, अडखळणं नाही — वाटेवरून चालावं तसे सरळ पुढं गेले, आणि पुढं वाट नव्हती. कंबरेएवढंच पाणी होतं. मी उडी मारली. धरलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर, मग चेहऱ्यावर बोटं फिरवली. "हृषीकेश का?" जशी लादीवर फिरवतात तशी.

वर बसवलं. सगळे धावत आले. धोतरातून पाणी गळत होतं आणि ते म्हणाले, "गार आहे हो छान." कुणी हसलं नाही.

मयुरा त्यांचे केस पुसत होती. माझ्याकडे न बघता बोलली. "दोन वर्षं झाली. बाबांना मधलं काहीच दिसत नाही, कडेनं थोडं दिसतं. काळंपांढरं असेल तर बरं कळतं. कुणाला सांगायचं नाही म्हणाले. तुला तर नाहीच. तू त्यांना जाणकार म्हणून विचारायचास ना — हा कसा, तो कसा."

काका म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस."

पाणी उपसायला लावलंय. कड उद्या काढायची, चारी बाजूंनी. काळा कडप्पा, टाकी मारून खडबडीत, मी स्वतः मारणार. भैयांना मी सांगतो.

पट्टी किती रुंद हवी ते मी ठरवणार नाही. काकांना फाटकापाशी उभं करायचं, लादीला लादी लावत जायचं, आणि ते "दिसली" म्हणतील तिथं थांबायचं.

मयुराताईला विचारलं, चालेल का. मानेनं हो म्हणाली.