डिस्ट्रॉय लिहिलंच

गुरुवार, दिवेलागण

नवा कॉम्प्युटर मी नको म्हटलं, म्हणून लेकीनं तिच्या कामासाठी जुन्याच्याच पोटात दुसरा, नुसता प्रोग्रॅमचा, कॉम्प्युटर चालवला. आज तो पोटातला अडकला. तिचा पुण्याहून फोन, "आई, डिस्ट्रॉय टाइप कर. तो नुसता बंद होते, पुसल्या जात नाही."

डिस्ट्रॉय म्हणजे नाश ना? महाराजांच्या फोटोपुढं दिवा लावून हे लिहायचं?

दीर ओरडले, "वहिनी, पोरीचं सारं काम पुसून टाकसान!"

लिहिलंच. मग पोटातल्या कॉम्प्युटरांची यादी मागवली, तर त्यातून त्याचं नाव गेलेलं.

"पाहा, गेलं!" दीर म्हणाले.

ती यादी फक्त चालू असलेल्यांची, हे मला ठाऊक होतं. 'ऑल' जोडून पुन्हा मागवली. नाव होतं, पुढं 'बंद'. स्टार्ट लिहिलं. लेकीनं पुण्याहूनच उघडून पाहिलं, म्हणाली, "सारं जागेवर हाय!"

"नशीब," दीर म्हणाले.

नशीब काऊन? महाराज पाठीशी होते, पण बोटं माझी होती.