आई तुझ्या पलंगावर झोपली आहे

दादा,

तुझ्या शेजारच्या काकूंकडून चावी घेऊन आत आले. टॅक्सच्या रिटर्नमध्ये आई तुझ्यावर अवलंबून आहे असं दाखवून तू सूट लाटलीस, हे मला तीच सूट मागणारं माझं रिटर्न परत आल्यावर कळलं. आईची उस्तवार करायची मी, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार तू!

माझा भाऊ खोटारडा ठरायला नको, म्हणून तू लिहिलंस ते खरं करून ठेवलंय. आई तुझ्या पलंगावर झोपली आहे. वहिनीचे कपडे सरकवून आईचे कपाटात लावलेत. मी महिनाभर फिरायला चाललेय, फोन बंद असेल.

आईला पहाटे चारला चहा लागतो, एवढं लिहायला घेतलं, तर तीच जागी होऊन, कागदात डोकावून म्हणाली, "ते कशाला लिहितेस? मी उठवीन की त्याला!"

— धाकटी