थडग्याखालचं मीटर

उपोलू बेट, आपल्या घरून
६ ऑक्टोबर, सोमवार

चि. एनेले,

तुला, लोसाला आणि तिन्ही पोरांना आईचे आशीर्वाद. मी बरी आहे. नीरफणस यंदा लगडलाय. डुकरीण व्यायली.

तुझा फोन आला तेव्हा मी उलटून बोलले नाही, कारण तुझ्या शेजारी लोसा ऐकत होती. सुनेसमोर लेकाची खरडपट्टी काढणं बरं दिसत नाही. पत्राला ती अडचण नाही, तेव्हा आता ऐक.

"आई, पाण्याचं बिल बघितलंस? तू नळ उघडे टाकून विसरतेस. घर बंद कर, ऑकलंडला ये, तिकीट काढलंय." एका दमात एवढं सगळं! उचलली जीभ लावली टाळ्याला. अरे, वय माझं झालंय, डोकं नाही गेलं.

बिल तू भरतोस, कबूल. पण भरणारा ते वाचतोच असं नाही. आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'अंदाजे' असं छापलंय, ते दिसलं तुला? मला दिसलं. भिंग लावून दिसलं, पण दिसलं.

बस पकडून मी आपिया शहरात पाणीखात्यात गेले. खिडकीतली पोरगी म्हणाली, "मावशी, तुमचं मीटर आमच्या माणसाला सापडतच नाही. फाटकाशी शोधतो नि परत येतो. मग शेवटच्या खऱ्या वाचनाला जेवढं पाणी गेलं होतं, तेवढंच आम्ही दर महिन्याला धरतो."

"शेवटचं खरं वाचन कधीचं?"

"फेब्रुवारीचं."

फेब्रुवारी! एनेले, तुझ्या बाबांची मयत फेब्रुवारीतली. दोन्ही बेटांवरचं गणगोत उतरलं होतं आपल्याकडे. चटयांवर माणसं झोपलेली, उमूची भट्टी दिवसभर पेटलेली, भांडी घासून घासून बायकांचे हात सोललेले. नळ बंद म्हणून नव्हताच. ते सगळे जेवून-खाऊन, रडून घरी गेले, आणि त्यांचं पाणी खातं दर महिन्याला माझ्या नावावर मांडतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मग मीटर गेलं कुठे? बसमध्ये बसले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुझ्या तोलोआ काकांचा प्रताप! दारासमोर भावाचं थडगं ऐसपैस हवं, म्हणून त्यांनी मार्चमध्ये पार फाटकापर्यंत काँक्रीट ओतलं, वर निळ्या फरशा बसवल्या. कुणाच्या दारात एवढं थडगं नाही म्हणून गावभर मिरवत होते. मीटरची पेटी खाली गाडली गेली, हे कुणाच्या गावीही नाही.

मी पहार मागितली तर काका आडवे आले.

"वहिनी, थडग्याला पहार लावणार? गाव काय म्हणेल?"

"गाव भरणार का बिल?"

"पाळकसाहेब काय म्हणतील?"

"त्यांचं मीटर उघड्यावर आहे. त्यांना काय जातंय बोलायला!"

"दादाला त्रास होईल हो."

"तुमचे दादा गळका नळ ऐकू आला की भरल्या ताटावरून उठायचे. त्यांना त्रास होत असेल तर तो या बिलाचा. सरका बाजूला!"

खरं सांगू? आधी फरशीवर बसून तुझ्या बाबांना म्हटलं, "अहो, पाय जरा जवळ घ्या." मग पहार हाणली. थोड्या वेळाने काकाही आले मदतीला, तोंडाने बडबडत का होईना.

पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं. झाडून काढलं. मग घरातले सगळे नळ बंद केले आणि मीटरपाशी वाकून बसले. काटा ढिम्म. म्हणजे कुठे गळत नाही, कुठे उघडं नाही. मग आजच्या आकड्यातून फेब्रुवारीचा आकडा वजा केला. बाबांच्या मयतीच्या त्या एका महिन्यात जेवढं पाणी गेलं, तेवढंही मी नंतरच्या सगळ्या महिन्यांत मिळून वापरलेलं नाही. घे! आता सांग, नळ कोण उघडे टाकतं?

खात्याच्या माणसाने येऊन आकडा ताडून पाहिला. जास्तीचं भरलेलं सगळं आपल्या नावावर जमा झालंय, बरेच दिवस तुला बिल भरावंच लागणार नाही. हिशेब करताना खिडकीतल्या त्या पोरीने मान वर केली. "मावशी, घरात माणसं किती तुमच्या?"

मी म्हटलं, "तुला आकड्याशी मतलब."

तो आकडा तुलाही कळेल, आणि तू काही खुळा नाहीस. म्हणून मीच सांगते. दर रविवारी फोनवर मी म्हणायचे ना, घर भरलेलं आहे, भाच्याची पोरं राहायला आहेत, मागे त्यांचाच गोंधळ चाललाय? ती पोरं मार्चमध्येच कामाला परदेशी गेली. गोंधळ रेडिओचा होता. मीटरवरचं पाणी एका माणसाच्या अंघोळीचं आहे, एका ताटाचं आहे. मीटर खोटं बोलत नाही, मी बोलले. तुला कळलं असतं तर पहिल्या विमानाने मला उचलून नेलं असतंस.

हो, मी एकटी आहे. संध्याकाळी घर खायला उठतं. नीरफणस भाजला तर अर्धा डुकरांना जातो. पण सकाळी दार उघडलं की तुझे बाबा समोर असतात आणि मी त्यांना कालचं सगळं सांगते. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर मी कुणाला सांगू? मी येणार नाही. काय करायचं ते कर.

या रविवारी पोरांचा सण, गावची पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये वचनं म्हणतील, आणि माझ्या बाकावर आपलं एकही पोर नसेल. या वर्षी चालवून घेते. पण नाताळाला मी ऐकणार नाही. माझं तिकीट परत कर आणि तुमची काढ. फुटलेल्या फरशा तशाच ठेवल्यात, त्या तू येऊन बसव. मीटरला झाकण ठेवायला विसरू नकोस, काकांसारखं.

पोरांना म्हणावं, आजीच्या अंगणात हवं तेवढं पाणी सांडा, कुणी ओरडणार नाही. खात्याचा अंदाज एकदा तरी खरा होऊ दे. ते बिल मी स्वतः, ताठ मानेने भरीन.

एकटी, पण पुरती शुद्धीवर असलेली
तुझी आई,
सुलिया