मधू इथल्याच शाळेत जाईल

कळंब, जि. यवतमाळ
११ जून २००६

प्रिय साकेत,

तुला आणि अनघाला आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा फॉर्म बुधवारी मिळाला. इकडे उकाडा अजून हटलेला नाही. कूलर रात्रंदिवस घरघरतो आणि शेजारचा जलाल दर दोन दिवसांनी येऊन त्याची मोटर ठोकून जातो. माझा गुडघा बरा आहे. अनघाने पाठवलेले फ्रॉक मधूला बसले, निळा थोडा सैल होतो.

मंगळवारी तिला चिंतामणीला नेलं होतं. देवळाच्या पायऱ्या ती माझा हात न धरता उतरली. चढताना दमली आणि राग माझ्यावर काढला. सगळ्यांसमोर खाली बसून म्हणाली, "आजी, तू... हळू... नाही चालत." खरं तर मीच मागे होते!

फॉर्मवर मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू घाई न करता वाचशील. फोनवर तू घाई करतोस आणि मी रडते, म्हणून हे पत्र.

"सध्या सांभाळ करणारी व्यक्ती" या रकान्यात माझं नाव तू टाइप करून पाठवलंस. त्या नाशिकजवळच्या निवासी शाळेचं माहितीपत्रकही वाचलं. बाग सुंदर दिसते. माणसंही चांगली असतील, मी कोणालाच नावं ठेवत नाही. पण मी स्वतः सातव्या वर्षी नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात गेले होते. आमच्या सिस्टर मायाळू होत्या, माझी वेणी घालून द्यायच्या. तरीसुद्धा पहिलं वर्षभर मी रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहायचे. आणि मला तर बोलता येत होतं, कुठे दुखतं ते सांगता येत होतं.

तुला वाटतं, म्हातारी भाबडी आहे, तिला खरं दिसत नाही. सगळं दिसतं. डावी मूठ पूर्ण उघडत नाही. डावा पाय ओढते. "पाणी" म्हणायला तिला इतका वेळ लागतो की तोवर मी पेला भरून आणलेला असतो. आकडे वीसच्या पुढे विसरली. दुपारनंतर तिचं डोकं चालत नाही, मग वस्तू फेकते. गोळ्या चालू आहेत, एप्रिलनंतर झटका आलेला नाही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, लहान मुलांचा मेंदू कुठली वाट शोधून काढेल ते कोणी सांगू शकत नाही. त्यातलं "सांगू शकत नाही" एवढंच तू ऐकलंस. मी उरलेलंही ऐकलं.

तुझी मोठी काकू परवा येऊन गेली. मधूसमोरच म्हणाली, "रजनी, देव नेत होता लेकराला, कशाला ओढून आणलंस? बघ, काय हाल झाले." मी म्हटलं, "ताई, दोघांच्या ओढाताणीत हात देवाने सोडला, मी नाही." चहा न घेताच गेली. तुझ्या कानावर येईलच, म्हणून माझ्याकडून कळवते.

आता ते सांगते, जे मी डिसेंबरपासून तुला सांगितलेलं नाही.

त्या हंगामात भाव पडला, हे तुला ठाऊक आहे. सगळ्यांसारखा मीही कापूस घरात ठेवला. पुढे वाढेल, असं सगळेच म्हणत होते. मागची खोली खिडकीच्या वरपर्यंत भरली होती आणि अजून दोन गाठोडी ओसरीत पडून होती. नाताळच्या सुटीत आलेली मधू दारात उभी राहून त्या ढिगाकडे बघत होती. तिचा चेहरा बघितला आणि मला मुकुटबनचं माझं माहेर आठवलं. सुटीत वसतिगृहातून घरी गेलं की आम्ही भावंडं माळ्यावरून कापसात उड्या मारायचो. आमचे वडील म्हणायचे, तुडवा रे, चांगला दाबा. कापूस दबायचा, जागा व्हायची, आणि आम्हाला वाटायचं आपण घरचं मोठं काम केलं. मग अंगभर खाज सुटायची आणि आई खोबरेल लावायची. माझ्या बालपणातलं त्याहून गोड मला काही आठवत नाही.

आपल्याकडे कामाला असलेली मानीबाई गाठोडं सोडत होती. ती म्हणाली, "बाई, लेकराले नोका पाठवू. भितीपाशी पोकळ हाय."

मी म्हणाले, "मानीबाई, आम्ही सगळे असेच वाढलो. जा गं मधू, तुडव चांगलं."

साकेत, मधूला कापसात मी पाठवलं. माझ्या तोंडाने, हसत हसत. आणि मग चहा टाकायला आत गेले.

तिचं खिदळणं थांबलेलं मला कळलं नाही, मानीबाईला कळलं. मी धावत आले तर मानीबाई कंबरेपर्यंत कापसात होती आणि दोन्ही हातांनी कापूस उपसून दारातून बाहेर फेकत होती. भिंतीच्या फटीत मधू सरकली होती आणि वरचा ढीग तिच्यावर बसला होता. किती मिनिटं गेली, देव जाणे. बाहेर काढली तेव्हा ओठ जांभळे होते. श्वास नव्हता, मानेची नाडी नव्हती. कोणीतरी म्हणालं, "गेली पोरगी." मी त्याला गप्प बस म्हणून ओरडले.

शाळेत मी इतकी वर्षं गाइडच्या मुलींना जे शिकवलं, ते त्या ओसरीवर पहिल्यांदा खरं करावं लागलं. तिच्या तोंडातला कापूस बोटाने काढला आणि श्वास देऊ लागले. छाती दाबायला माझ्या हातांत जोर राहिला नव्हता. म्हणून मानीबाईला म्हटलं, इथे, तळहाताने, मी सांगते तसं. ती दाबत राहिली, मी फुंकत राहिले. जलालने जीप दारात लावली. आम्ही तिला उचलणार, तेवढ्यात ती खोकली. यवतमाळच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ही पोचेपर्यंत टिकली ती घरी केलेल्या कामामुळे.

दुसऱ्या दिवशी तू आलास आणि विचारलंस, "तिला कापसात सोडलं कोणी?" मी म्हणाले, "मानीबाई होती तिथे." त्यात एक शब्द खोटा नव्हता. पुढचं तू समजून घेतलंस, आणि मी समजू दिलं. त्याच संध्याकाळी तू तिला कामावरून हाकललंस. ज्या हातांनी तुझ्या मुलीचं हृदय चालू केलं, त्या हातांत पगार टेकवून.

मार्चमध्ये मी तिच्या तांड्यावर गेले. मला बघून ती म्हणाली, "आल्या का? च्या घ्या पयले, मंग भांडू."

मी विचारलं, "तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"कायले बोलू? मी बोलली असती तं दादानं पोरीले तुमच्यापाशी ठेवलं असतं काय? अन् तुमच्याबिगर तिले कोण पाहिन? वहिनीची नोकरी, दादाची नोकरी." मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "पन दादानं मले चोरासारखं काढलं. ते मी नाई भुलली."

विसरू नकोच, असं मी तिला म्हटलं.

तेव्हापासून ती रोज येते. तुला कळवलं नाही. मधूच्या बोटांसाठी ती तिला वाती वळायला बसवते. मला कापूस बघवत नाही, मी दुसऱ्या खोलीत जाते. मधूला मात्र त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. ती कापूस गालाला लावून बसते. आधी डाव्या हाताला वात धरताच यायची नाही. आता ती धरते आणि उजव्याने वळते. चुकलं की मानीबाई म्हणते, "हे वात हाय का दोरखंड?" आणि मधू हसून लोळते. तिची बोली पार वऱ्हाडी झाली आहे. "आजी, मले... नको शिकवू. मले येते." तुमच्या पुण्यात हसतील. हसू देत. चार शब्द सलग बोलते आहे.

शाळा २६ला उघडते. इथल्या मुख्याध्यापिकेशी बोलून मी तिचं नाव पहिलीत पुन्हा घातलं आहे. अर्धा दिवस बसेल. पहिले दोन महिने मी वर्गाबाहेर व्हरांड्यात बसेन. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जमलं नाही तर?" मी म्हटलं, "तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिली."

हे सगळं वाचून तू म्हणशील, जिने मुलीला मरणाच्या तोंडी दिलं, तिच्याकडे मी मुलगी का ठेवू? तसं म्हणायचा तुला हक्क आहे, मी वाद घालणार नाही. २०ला ये. तिला माझ्याकडून घेऊन जा. मी तिची पिशवी भरून देईन, गोळ्यांच्या वेळा लिहून देईन, दारापर्यंत सोडायलाही येईन. पण मग तिला तुझ्या घरी ने. अनघाच्या आणि तुझ्या मध्ये निजव, तुमच्या गल्लीतल्या शाळेत घाल. माझ्या चुकीची शिक्षा मला दे, तिला देऊ नकोस. त्या फॉर्मवर माझी सही तुला मिळणार नाही, आणि माझी सही नसताना तू तो भरलास तर मी नाशिकला येऊन त्या फाटकासमोर बसेन. मला बसता येतं, हे तुला माहीत आहे.

आणि येशील तेव्हा आधी तांड्यावर जा. माझ्यासाठी नव्हे. मानीबाईला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

सही न केलेला फॉर्म याच पाकिटात परत पाठवते आहे.

मधूच्या दप्तराचा पट्टा उजव्या खांद्यावर येईल असा शिवायला बसलेली,
तुझी आई